पीएस५ प्रो दुबईहून आणावा, की घरीच पीसी जुळवावा?

गोव्यातल्या साखळीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मुलगा यंदा फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात लागला. घरात जुना पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आहे आणि बऱ्याच डिस्क आहेत. त्याचा मामा दुबईला असतो, तो चवथीला येताना पीएस५ प्रो घेऊन येतो म्हणतो. पुतण्याचं म्हणणं, हल्ली कन्सोल आणि पीसी आतून एकच झालेत, मग पीसीच घ्या. हे खरं का? आणि खरं असेल तर आम्ही नेमकं काय घ्यावं?"

पुतण्याची माहिती बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. दोन्ही यंत्रांचं पोट जवळपास सारखं झालंय, हे मी म्हापशाच्या दुकानात दोन्ही उघडून रोज बघतो. पण गेम कुणाच्या दुकानातून घ्यायची, कुठल्या भावाने घ्यायची, खेळून झाल्यावर विकता येते का आणि यंत्र बंद पडलं तर ते कोण उघडणार, या बाबतीत दोघांमधलं अंतर अजून तेवढंच आहे. घरचा पैसा पुढची पाच-सहा वर्षं तिथेच जात राहतो. म्हणून आधी यंत्राचं सांगतो, मग पैशाचं.

पीसीचे भाग घालून कन्सोल करायची कल्पना जुनीच. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये पेंटियम ३ घराण्याचा ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि चक्क हार्ड डिस्क होती. पुढे वाटा फुटल्या. २००६ च्या पीएस३ मधला 'सेल' प्रोसेसर इतका वेगळा होता की तो नीट वापरायला शिकण्यातच गेम बनवणाऱ्यांची वर्षं गेली. २०१३ साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही तो नाद सोडला आणि चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीकडून 'जॅग्वार' गाभ्यांची (कोरची) चिप घेतली. हे गाभे मुळात स्वस्त लॅपटॉप आणि टॅब्लेटसाठी आखलेले. त्या दिवसापासून कन्सोल म्हणजे एकाच बोर्डावर घट्ट बसवलेला, एकाच कामाला जुंपलेला पीसी, असं म्हणायला हरकत नाही.

पीएस५ आला तेव्हा हे आणखी उघड झालं. त्यात आठ गाभ्यांचा झेन २ प्रोसेसर आहे, म्हणजे २०१९ च्या रायझन ३००० मालिकेचाच भाऊ, फक्त कॅश (प्रोसेसरच्या पोटातली छोटी, वेगवान मेमरी) कमी. ग्राफिक्सच्या बाजूला चित्र रंगवण्याचं काम वाटून घेणारी ३६ कंप्युट युनिट, आणि तेवढीच युनिट असलेलं रेडिऑन आरएक्स ६७०० हे कार्ड एएमडीने पीसीवाल्यांनाही विकलं. २०२१ मध्ये तर गंमतच झाली. एएमडीने '४७००एस' नावाचा एक डेस्कटॉप संच बाजारात आणला, ज्यात प्रोसेसर आणि १६ जीबी जीडीडीआर६ मेमरी बोर्डावरच झाळलेली होती. तपासणाऱ्यांनी चिप बघितली आणि ओळखलं की हा पीएस५ चाच तुकडा, फक्त ग्राफिक्सचा भाग बंद केलेला. तुमच्या पुतण्याला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार!

आता 'प्रो' म्हणजे काय, ते. याबद्दल दुकानात सगळ्यात जास्त गैरसमज ऐकतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

गेमचं एक चित्र पडद्यावर येतं त्यात दोन कामं असतात. प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गाडी धडकली तर काय होईल, बाजारातली दोनशे माणसं कुणीकडे चालली आहेत. तो हिशेब ग्राफिक्स चिपला मिळाला की ती रंगवायला घेते. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि दोघांनाही त्या वेळात बसावं लागतं. ग्राफिक्स चिप मागे पडत असेल तर चित्राचा बारकावा कमी करून वेळ वाचवता येतो. प्रोसेसर मागे पडत असेल तर मात्र चित्र कितीही धूसर केलं तरी काही उपयोग होत नाही. बाजारातली माणसं कमी करणं हे खेळणाऱ्याच्या हातात क्वचितच असतं.

दोन पिढ्यांच्या मधल्या काळात आलेल्या 'प्रो'सारख्या सुधारित कन्सोलांनी जवळजवळ सगळी वाढ रंगवण्याच्या बाजूला दिली. पीएस४ ची ग्राफिक्स क्षमता १.८४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी आकडेमोडी) होती, नोव्हेंबर २०१६ च्या पीएस४ प्रो मध्ये ती ४.२ झाली, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रोसेसर मात्र तोच जॅग्वार, १.६ गिगाहर्ट्झवरून २.१ वर. वर्षभराने आलेल्या एक्सबॉक्स वन एक्स ने ६ टेराफ्लॉप्स आणि १२ जीबी मेमरी दिली, पण त्याचाही प्रोसेसर जॅग्वारच्याच जातीचा, २.३ गिगाहर्ट्झचा. नोव्हेंबर २०२४ चा पीएस५ प्रो याच वाटेने गेला. ग्राफिक्स १०.२८ वरून १६.७ टेराफ्लॉप्स, कंप्युट युनिट ३६ वरून ६०, मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबीवरून ५७६, शिवाय यंत्राच्या घरकामासाठी वेगळी २ जीबी मेमरी आणि २ टीबी एसएसडी. प्रोसेसर पुन्हा तोच झेन २. गरज पडल्यास ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, एवढाच फरक. चित्र रंगवण्याचा वेग सुमारे ४५ टक्के वाढतो असं सोनी स्वतः सांगते, आणि ते मला पटण्यासारखं वाटतं. पण ज्या गेममध्ये अडचण हिशेबाची आहे, तिथे या ४५ टक्क्यांना काही काम नसतं. 'बाल्डर्स गेट ३' मधलं तिसऱ्या अंकातलं शहर किंवा 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मधलं राजधानीचं गाव, ही त्याची ठळक उदाहरणं.

यंत्र बनवणाऱ्यांनी हे अडाणीपणाने केलेलं नाही. एकच गेम साध्या आणि प्रो दोन्ही मॉडेलांवर चालली पाहिजे ही अट आहे. चित्र कमी-जास्त बारीक करणं सोपं असतं, हिशेब कमी-जास्त करायचा तर गेमच वेगळी लिहावी लागते. म्हणून आखणी नेहमी दुबळ्या मॉडेलवरून होते. एक्सबॉक्सच्या बाजूला हे फार स्पष्ट दिसलं. सिरीज एस हा सिरीज एक्सचा स्वस्तातला भाऊ, मेमरी १० जीबी. 'बाल्डर्स गेट ३' मधला एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचा भाग त्याच्यावर नीट बसेना, म्हणून ती गेम एक्सबॉक्सवर यायलाच डिसेंबर २०२३ उजाडला, आणि तीही सिरीज एस वर तो भाग गाळून.

पीसीवाल्याला इथे मोकळीक असते. ज्याने २०१७ च्या सुमारास एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा) चांगला बोर्ड घेतला, त्यातल्या पुष्कळांना त्याच बोर्डात २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, जुना प्रोसेसर काढला, नवा ठेवला, संपलं. असे काही पीसी आजही माझ्याकडे फक्त धूळ काढायला येतात.

दोन्ही जगं जवळ आली ती दोन्ही बाजूंनी, हेही लक्षात ठेवा. कन्सोलवर पूर्वी गेम लावली की लागली, निवडण्यासारखं काही नसायचं. आता पहिल्याच पडद्यावर विचारतात, 'परफॉर्मन्स' (वेग) हवं की 'क्वालिटी' (बारकावा). ही पीसीची सवय. शिवाय कमी पिक्सेल रंगवून बाकीचे अंदाजाने भरायचे, हे तंत्र आता सगळीकडे तेच. पीएस४ प्रो मध्ये ते बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक चौकोन भरून चालायचं. एनव्हिडियाने २०१८ च्या आरटीएक्स कार्डांबरोबर डीएलएसएस आणलं, एएमडीने २०२१ मध्ये एफएसआर, आणि पीएस५ प्रो मध्ये सोनीचं पीएसएसआर आलं. उलट्या बाजूने पीसीने कन्सोलचं सुख उचललं. टीव्हीला जोडा, कंट्रोलर हातात घ्या, स्टीम या पीसी-गेमच्या ऑनलाइन दुकानाचा मोठ्या अक्षरांचा पडदा उघडा, माऊसला हात लावायची गरज नाही. २०२२ चं स्टीम डेक हे तर एएमडीची झेन २ चिप घातलेलं, लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं कन्सोलच आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये टीव्हीखाली ठेवायच्या नव्या 'स्टीम मशीन'ची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये एएमडीबरोबरच्या कराराची बातमी देताना पुढचा एक्सबॉक्स एकाच दुकानाला बांधलेला नसेल असं सांगितलं. मला विचाराल तर दोघांमधली खरी भिंत पडेल ती त्या दिवशी. तोवर घोषणांवर मुलाचा वाढदिवस साजरा करता येत नाही.

आता मामाच्या दुबईच्या यंत्राकडे येतो.

आपल्याकडे गल्फमधून किंवा बोटीवरून वस्तू आणायची रीत घराघरांत आहे, आणि तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) मामाने आणलेल्या टेपरेकॉर्डरपासून पुढे त्या वस्तूंनी घरं चांगली चाललीही. या यंत्राच्या बाबतीत मी हात आखडता घ्या म्हणेन. पीएस५ प्रो जगभर आला तेव्हा सोनीने तो भारतात आणला नाही. कारण त्यातलं वाय-फाय ७. ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा भारतात घरगुती वापराला खुला नव्हता. त्या पट्ट्याचा खालचा भाग मोकळा करायचा नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. तुम्ही ठरवाल त्या दिवशी प्रो भारतात अधिकृतपणे विकला जातोय का, हे आधी बघा. जात असेल तर इथलं बिल आणि इथली वॉरंटी घ्या. नसेल तर बाहेरून आणलेलं यंत्र ५ गिगाहर्ट्झवर किंवा लॅन केबलवर चालेल, त्यात शंका नाही, पण इथे त्याला कुणी वाली नाही. वॉरंटी जिथे घेतलं तिथली. बिघडलं तर मामाच्या बॅगेतून परत, आणि तो पुढच्या चवथीला यायचा.

दुसरं, प्रो मध्ये डिस्क घालायची सोयच नाही. ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून त्याची नोंद करावी लागते. मुलाकडे पीएस४ च्या डिस्क आहेत असं तुम्ही लिहिलंय. ड्राइव्ह असलेल्या पीएस५ वर त्यातल्या जवळजवळ सगळ्या चालतात. ड्राइव्हशिवाय प्रो आणला तर त्या सगळ्या कपाटात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा टीव्ही कोणता आहे? प्रो ची सगळी ताकद बारीक चित्रात आहे. ४के टीव्ही मोठा असेल, समोर सात-आठ फुटांवर बसून बघत असाल, तर फरक दिसतो. ३२ किंवा ४३ इंची साधा फुल एचडी टीव्ही असेल तर जवळजवळ दिसत नाही. ४के मध्ये १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा बदलणारं) चित्र हवं असेल तर टीव्हीवर एचडीएमआय २.१ पोर्ट लागतो, आणि बऱ्याच टीव्हींवर चारपैकी एक-दोनच पोर्ट तसले असतात. प्रो साठी जादा मोजायची रक्कम चांगल्या टीव्हीत घातली तर साध्या पीएस५ चंही चित्र सुधारतं आणि घरच्यांना मालिकाही नीट दिसतात. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि मुलगे माझ्यावर रागावतात.

"मग थोडं थांबूया, स्वस्त होईल," असं वडीलमंडळी म्हणतात. पूर्वी ते खरं होतं. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला पीएस२ शेवटी ९९ डॉलरवर उतरला, कारण दर दोन-तीन वर्षांनी तीच चिप लहान आणि स्वस्त बनवता यायची. आता चिप लहान होते पण तेवढी स्वस्त होत नाही. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो आणखी ५० डॉलरने चढला. पीसीचीही तीच कथा. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे उसळले की त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांना कोटेशन एका दिवसापुरतंच लिहून द्यायचो. एआयच्या सर्व्हरांना मेमरी लागते आणि बनवणारे तिकडे वळलेत. तेव्हा थांबायचं असेल तर दुसऱ्या कारणासाठी थांबा, भाव पडायची वाट बघत नको.

गेमचा खर्च दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने होतो. कन्सोलवर नवी गेम महाग. पण डिस्क घेतली तर खेळून विकता येते. पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या मुलांत डिस्कची देवाणघेवाण अजून चालते, एका डिस्कवर चौघे खेळतात. डिजिटल घेतलेली गेम मात्र खात्याला चिकटली ती चिकटली. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेमना सोनीच्या पीएस प्लसची वर्गणी लागते, 'फोर्टनाइट'सारख्या फुकट गेमना लागत नाही. पीसीवर डिस्क हा प्रकारच उरलेला नाही, त्यामुळे विकायचा प्रश्नच येत नाही. पण ऑनलाइन खेळायला वर्गणी नाही, स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव आहेत, सेलच्या दिवसांत वर्ष-दोन वर्षं जुनी गेम निम्म्याहून खाली येते आणि एपिकच्या ऑनलाइन दुकानात नेमाने फुकट गेम मिळतात. नव्या गेमची घाई नसलेल्या मुलाला पीसी तीन-चार वर्षांत स्वस्त पडतो. घाई असलेल्याला नाही.

घाईचं म्हणाल तर, 'ही गेम फक्त आमच्याकडेच' हे पूर्वीसारखं राहिलेलं नाही. सोनीने २०२० मध्ये 'होरायझन झीरो डॉन' पीसीवर आणली, २०२२ मध्ये 'गॉड ऑफ वॉर' आणि 'स्पायडरमॅन', आणि २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' तर दोन्हीकडे एकाच दिवशी. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सची ओळख असलेली आपली 'हेलो'सुद्धा पीएस५ वर आणायची घोषणा केली, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. तरी गोष्टीवर चालणाऱ्या सोनीच्या मोठ्या गेम पीसीवर यायला बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त लागतं. आणि 'जीटीए' बनवणाऱ्या रॉकस्टारची पद्धत ठरलेली आहे. 'जीटीए ५' कन्सोलवर सप्टेंबर २०१३, पीसीवर एप्रिल २०१५. 'रेड डेड रिडेम्प्शन २' कन्सोलवर ऑक्टोबर २०१८, पीसीवर वर्षाने. 'जीटीए ६' साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली तीही कन्सोलपुरतीच. मुलाचा जीव या एकाच गेममध्ये अडकला असेल तर माझं पुढचं सगळं लेक्चर फुकट आहे, हेही कबूल.

पीसीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पुतण्याची वकिली केल्यासारखं होईल. कन्सोलवर गेम बनवणाऱ्याला नेमकं यंत्र माहीत असतं, पीसीवर हजार तऱ्हेची यंत्रं. 'द लास्ट ऑफ अस' चा पहिला भाग मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा पहिले काही आठवडे भल्याभल्या कार्डांना घाम फुटला होता. शेडर (चित्र रंगवायच्या छोट्या सूचना) तयार होताना बसणारे झटके, ड्रायव्हरच्या भानगडी, गेम सुरू करायच्या आधी तीन कंपन्यांचे तीन लाँचर, हे सगळं आहेच. आणि मेमरीचा एक बारीक मुद्दा. पीएस५ मधली १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघे वाटून घेतात. पीसीमध्ये रॅम वेगळी आणि कार्डावरची मेमरी वेगळी. कार्डावर ८ जीबीच असेल तर कन्सोलसाठी आखलेल्या नव्या गेम त्यात कोंबाव्या लागतात आणि चित्र अडखळतं. आज नवं कार्ड घेणाऱ्याला मी १२ जीबीच्या खाली जाऊ देत नाही. पैसे कमी असतील तर वापरलेलं पण जास्त मेमरीचं कार्ड बघा म्हणतो.

आता जे इंटरनेटवरच्या तुलनांमध्ये सापडत नाही ते, म्हणजे आपला पाऊस आणि आपली वीज.

कन्सोलमध्ये सगळं एकाच बोर्डावर झाळलेलं असतं. पीएस५ ची मूळ साठवणूकसुद्धा बोर्डावरच्या चिपांत आहे (जादा एम.२ एसएसडी, म्हणजे साठवणुकीची चपटी पट्टी, घालायला जागा आहे, ती वेगळी). मे अखेरीस किंवा ऑक्टोबरात गडगडाट होतो तेव्हा केबलवाल्याच्या तारेतून राउटरमध्ये आणि राउटरमधून लॅन केबलने थेट यंत्रात झटका शिरतो. पीसीचा लॅन पोर्ट असा जळला तर बहुतेक वेळा एक छोटं यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून मुलगा त्याच संध्याकाळी पुन्हा खेळतो. कन्सोलचा जळला तर बोर्डावर काम करावं लागतं, आणि झटका पुढे गेला असेल तर बोर्डच जातो. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. घराचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, हा खर्च कन्सोल-पीसी दोघांनाही लागू. गडगडायला लागलं की प्लगबरोबर लॅनची केबलही काढा. प्लग सगळेच काढतात, केबल कुणी काढत नाही.

व्होल्टेजच्या चढउताराची मला तेवढी भीती नाही, कारण यांचे पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट सहज सोसतात. मधेच गेलेली वीज जास्त वाईट, विशेषतः अपडेट चालू असताना. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट घेतो, ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्याला बंद करण्यापुरता वेळ देतो. चांगल्या कार्डाच्या पीसीला एक केव्हीएच्या पुढे जावं लागतं, आणि शक्यतो साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा.

समुद्राजवळच्या घरांत खारा वारा उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना आणि एचडीएमआय पोर्टाच्या पिनांना खातो. तुम्ही साखळीकडचे, तुमच्याकडे त्रास लाल धुळीचा. ती पावसाळी दमट हवेत पंख्यावर लेपासारखी बसते. पीसीचं झाकण काढून घरी साफ करता येतं, ग्राफिक्स कार्डावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलता येते. पीएस५ मध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, तो इकडेतिकडे सांडला की खेळ खलास. त्यामुळे वरची पट्टी काढून धूळ ओढण्यापुढे घरी काही करू नका, आणि यंत्र आडवंच ठेवा. शोकेसच्या बंद खणात तर मुळीच नको. आणखी एक: वापर नसला तरी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तास-दोन तास चालू ठेवा. उबेला पाली अंडी घालतात म्हणून काहीजण बंद ठेवतात, पण बंद, दमट यंत्रात गंज लवकर धरतो.

आता तुमच्या घराचा हिशेब. लोक कन्सोलची किंमत एका बाजूला आणि गेमिंग पीसीची किंमत दुसऱ्या बाजूला मांडतात, तिथे चूक होते. अभियांत्रिकीच्या मुलाला संगणक लागणारच आहे. ऑटोकॅड, मॅटलॅब, प्रोग्रॅमिंग, प्रोजेक्ट, यातलं काही कन्सोलवर होत नाही. म्हणून तुलना अशी करा: साधा संगणक अधिक पीएस५, की साध्या संगणकात ग्राफिक्स कार्ड आणि मोठा पॉवर सप्लाय घालून होणारा पीसी. दुसऱ्या पर्यायात जादा खर्च फक्त कार्ड आणि सप्लायचा उरतो आणि तो पीएस५ च्या किमतीच्या आसपासच येतो.

मात्र तो रोज साखळी-फर्मागुडी करणार असेल किंवा वसतिगृहात राहणार असेल तर त्याला लॅपटॉप हवा असेल, आणि तिथे सांभाळा. लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०६०' लिहिलेलं असतं, पण तीच चिप बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार ३५ वॉटवर चालते किंवा ११५ वॉटवर. दोन्हीवर स्टिकर एकच, वेगात मोठा फरक. दुकानदाराला वॉट विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

माझा कौल असा. मुलगा डेस्कटॉपवर समाधानी असेल तर पीसी जुळवा, १२ जीबीचं किंवा मोठं कार्ड घाला, आणि पीएस४ त्याच्या डिस्कांसकट राहू द्या, तो काही खायला मागत नाही. त्याला कॉलेजसाठी हलका लॅपटॉप लागणार असेल तर साधा लॅपटॉप घ्या आणि टीव्हीखाली डिस्क ड्राइव्हवाला साधा पीएस५ ठेवा. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन्ही बसवायच्या नादात दोन्ही अर्धवट होतात आणि पाठीला ओझं. दुबईचा प्रो फक्त एकाच परिस्थितीत: टीव्ही मोठा आणि ४के, इथलं बिल मिळायची सोय नाही, आणि बिघडलं तर पैसे गेले असं समजायची तुमची तयारी. मामाला काही आणायचंच असेल तर चांगली एम.२ एसएसडी आणायला सांगा. सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त वाचणारी, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावलेली. लहानशी वस्तू, पिशवीत मावते, आणि पीएस५ घ्या की पीसी जुळवा, दोन्हीत तीच बसते.

पीएस५ घेतलाच तर पीएस४ विकायच्या आधी दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर किंवा केबलवर ठेवून डेटा हलवून घ्या, सेव्ह फाइल्स वर्गणीशिवाय येतात. बिलावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि त्या बिलाचा लगेच फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई आपल्या दमट हवेत वर्षभरात उडते आणि सर्विस सेंटरवाला कोऱ्या कागदावर वॉरंटी देत नाही.